दहा सेकंदांची नोंद आणि दिवसभराची नोंद

श्रोतेहो, नमस्कार. मेडिकल असो वा मेयो, नागपुरातल्या कोणत्याही ओपीडीबाहेर ‘ईसीजी नॉर्मल आला’ हे शब्द कानी पडले की नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. तो कागद नेमके काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे आज पाहू.

हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातील पेशींच्या एका लहानशा पुंजक्यातून प्रत्येक ठोक्याचा विद्युत आवेग निघतो आणि तो खालच्या कप्प्यांत पसरत असताना त्वचेवर जेमतेम एक मिलिव्होल्टच्या आसपासचा विद्युतदाब उमटतो. छातीवर आणि हातापायांवर लावलेले १० इलेक्ट्रोड तो टिपतात व यंत्र त्यातून १२ आलेख काढते. या तंत्राचा पाया घालणारे डच शास्त्रज्ञ विलेम आइन्टहोवेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र नेहमीचा ईसीजी साधारण दहा सेकंदांचाच असतो. तेवढ्या वेळात ठोका चुकला नाही, तर तो कागदावर येणार कसा? शिवाय, छातीत दुखत असताना पहिला ईसीजी निर्दोष निघूनही हृदयविकाराचा झटका सुरू असू शकतो. म्हणूनच डॉक्टर थोड्या वेळाने तो पुन्हा काढतात आणि रक्तातील ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन, तपासतात. हा बिल वाढवण्याचा प्रकार आहे, असा ग्रह कृपया करून घेऊ नये.

अधूनमधून धडधडत असेल किंवा भोवळ येत असेल, तर २४ किंवा ४८ तास होल्टर, म्हणजे ठोक्यांची सतत नोंद ठेवणारे अंगावर बाळगायचे यंत्र, लावतात. नॉर्मन होल्टर यांचे सुरुवातीचे यंत्र सुमारे ३८ किलोंचे होते आणि ते पाठीवर वाहावे लागे. आताचे खिशात मावते. आपल्याकडच्या मे महिन्यात मात्र खरी पंचाईत घामाची, कारण इलेक्ट्रोड जरा सुटला की आलेखात नुसती खरखर येते. म्हणून तंत्रज्ञ त्वचा नीट पुसून, कोरडी करून, गरज पडल्यास केस काढून मगच तो चिकटवतात. यंत्र लावल्यावर काही जण दिवसभर पलंगावर पडून राहतात आणि तपासणीच वाया घालवतात. आंघोळ तेवढी टाळावी. एरवी जिना चढावा, बर्डीवर खरेदीला जावे आणि त्रास झाला की वेळ टिपून ठेवावी.

दिवसाच्या सुमारे एक लाख ठोक्यांतून संगणक संशयास्पद भाग वेगळे काढतो. डॉक्टर ते तुमच्या टिपणाशी ताडून पाहतात. धडधडीच्या नेमक्या वेळी आलेख नॉर्मल असेल, तर कारण ठोक्यांच्या लयीत नसून पंडुरोग, थायरॉईड किंवा चिंता यांत शोधावे लागते.