समासातली अक्षरं

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘कॉमिक्सचा लेखक नेमका कोण’, त्यावर मी येणारच आहे, पण आधी मला अमेरिकन कॉमिक्सचा चित्रकार जॅक कर्बीबद्दल बोलू द्या, कारण हा माणूस डोळ्यासमोर नसेल तर तो प्रश्न नुसता कायद्याचा होऊन बसतो. एक करू, हात वर करा. हल्क, थॉर, एक्स-मेन, ब्लॅक पँथर कोणाकोणाला माहितीयेत? सगळ्यांनाच. स्टॅन ली? तेही बरेच आहेत, पिक्चरमध्ये मिनिटभर दिसून जाणारे ते गॉगलवाले आजोबा. आणि जॅक कर्बी? पहिल्या रांगेत दोन हात, त्यातला एक माझ्या मुलीचा, तो धरायचा नाही. हे जे आत्ता झालं ना, यासाठीच मी आलोय. आपल्याकडेही असंच असतं, अमर चित्र कथा म्हटलं की अंकल पै लगेच आठवतात, आठवायलाच हवेत, पण ज्या हातानं तो पहिला कृष्ण काढला, सुपंडी काढला, त्या राम वाईरकरांचं नाव किती घरांत घेतलं जातं?

तर कर्बी. खरं नाव जेकब कर्ट्झबर्ग, जन्म २८ ऑगस्ट १९१७, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, दाटीवाटीची गरीब वस्ती, आईवडील ऑस्ट्रियातून आलेले ज्यू, वडील बेंजामिन कपड्यांच्या कारखान्यात कामाला. गल्लीतल्या पोरांच्या टोळ्या, रोजची मारामारी, आणि चित्रकला अशीच, बघून बघून शिकलेली. पुढे फ्लायशर स्टुडिओत लागला, पॉपायच्या कार्टूनसाठी दोन मुख्य पोझच्या मधली चित्रं भरायची, एकामागून एक, दिवसभर. ते त्याला वडिलांच्या कारखान्यासारखंच वाटायला लागलं, मग सोडलं.

मग जो सायमन नावाच्या जोडीदाराबरोबर कॅप्टन अमेरिका हा नायक उभा केला. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर कॅप्टन हिटलरला थेट जबड्यावर ठोसा लगावतोय. अंकावरची तारीख मार्च १९४१, प्रत्यक्षात तो १९४० च्या डिसेंबरातच स्टॉलवर आला होता, म्हणजे अमेरिका युद्धात उतरायच्या वर्षभर आधी. ज्यू घरातल्या दोन पोरांनी हे छापलं, त्यावर धमक्या आल्या, आणि नंतर हाच कर्बी गणवेश घालून १९४४ मध्ये फ्रान्सला गेला. तिथे एका अधिकाऱ्याला कळलं की हा कॉमिक्सवाला कर्बी, तर त्याला पुढे पाठवून शत्रूच्या ठाण्यांचे नकाशे काढायला लावले, असं तो स्वतः सांगायचा. थंडीनं पाय इतके गेले होते की कापायची वेळ आली होती. घरी पत्नी रॉझ वाट बघत होती, लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली. परत आल्यावर सायमनबरोबर प्रेमकथांची कॉमिक्ससुद्धा काढली, १९४७ पासून, ती धो धो खपली. तो भाग आज सोडतो.

आता मला जे दाखवायचंय ते. साठच्या दशकातलं कर्बीचं मूळ पान डोळ्यासमोर आणा. जाड कागद, छापील पानाच्या जवळजवळ दुप्पट मोठा. पेन्सिलीवर दुसऱ्या कोणीतरी शाई फिरवलेली, कुठे चूक झाली तिथे पांढरा रंग. आणि चौकटींच्या बाहेर, समासात, बारीक पेन्सिलीची अक्षरं. या चौकटीत काय चाललंय, हा का चिडलाय, तो काय म्हणतोय. कर्बीच्या हातची! म्हणजे गोष्ट पुढे कशी सरकणार ते चित्रकार ठरवतोय आणि समासात लिहून ठेवतोय, मग ते पान मार्व्हल या कॉमिक्स कंपनीचा लेखक-संपादक स्टॅन लीकडे जाणार आणि ली फुग्यांमधले संवाद लिहिणार. मार्व्हल मेथड म्हणतात ती हीच. आधी तोंडी बोलणं व्हायचं, कधी दोन ओळींचं, कधी त्याहून कमी, बाकी चौकट न् चौकट कर्बीची. आणि छापताना समास जातो. तो छापण्यासाठी नसतोच ना. शाळेच्या वहीत आपण समास सोडायचो तो बाईंच्या शेऱ्यासाठी, इथे समासात अख्खी गोष्ट होती.

पानांवरून मला माझं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मी वीस-बावीस वर्षांचा असताना एका दिवाळी अंकासाठी अकरा चित्रं काढली होती, नाव घेत नाही. एका कथेसाठी विहिरीचं एक चित्र होतं, आतून वर बघितल्यासारखं, त्यावर मी चार रात्री बसलो होतो, विटांच्या सांध्यांवर रेघा मारत. मानधन मिळालं, तक्रार नाही. अंक निघाल्यावर मूळ चित्रं मागायला गेलो तर ते म्हणाले, छापून झाल्यावर काय करायचीत? हे त्यांनी रागानं नाही विचारलं हो, खरंच कळत नव्हतं त्यांना. कपाटातून एक गठ्ठा काढून दिला, त्यात माझी चारच निघाली, आणि विहीर दुसऱ्याच कुठल्यातरी पुस्तकाच्या पार्सलला आधार म्हणून लावलेली, दुमडलेली, मधोमध सुतळीचा वळ. ती अजून माझ्याकडे आहे. बाकीची सात कुठे गेली ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि हे सांगताना आजही माझा आवाज चढतो, चढू दे.

म्हणून कर्बीचं वाचलं तेव्हा मला झोप लागली नाही. मार्व्हलसाठी या माणसानं दहा हजारांच्या वर पानं काढली. ऐंशीच्या दशकात कंपनी चित्रकारांना जुनी मूळ पानं परत द्यायला लागली, इतरांना एक पानी कागदावर सही पुरे, कर्बीला मात्र चार पानी, त्यात हक्क सोडून द्यायच्या अटी. आणि बदल्यात पानं किती? अठ्ठ्याऐंशी. सत्तरीला टेकलेला माणूस. त्यानं सही केली नाही. बाकीचे चित्रकार, लेखक त्याच्या बाजूनं उभे राहिले, रॉझ तर ठाम होतीच, आणि शेवटी १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पानं घरी आली. बाकीची गेली ती गेली, त्यातली काही चोरीला जाऊन बाजारात विकली गेली. कागद गेला याचं वाईट आहेच, पण त्याबरोबर समासही गेला हो! गोष्ट मी रचली हे सांगणारा त्याचा पुरावा पेन्सिलीत होता आणि तो त्याच कागदावर होता.

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय पटकन घेतो.

लीचं काम कमी होतं असं मी म्हणत नाही. तो खुसखुशीत संवाद, वाचकांशी दोस्तीत बोलणं, ते त्याचंच. पण फँटॅस्टिक फोर बघा, १९६१. त्यातला बेन ग्रिम, दगडासारखा झालेला, गरीब गल्लीतून आलेला, तोंडानं फटकळ, मनानं हळवा. नाव बापाचं, बेंजामिन. गल्लीचं नाव यान्सी स्ट्रीट, आणि कर्बीच्या लहानपणच्या वस्तीत डिलान्सी स्ट्रीट. दुसरं, सिल्व्हर सर्फर, १९६६. ठरलं होतं गॅलॅक्टसबद्दल, ग्रह गिळणारा. पानं आली तर त्यात सर्फबोर्डवर एक चंदेरी माणूस! लीनं विचारलं हा कोण, तर कर्बी म्हणाला एवढ्या मोठ्याला पुढे वर्दी देणारा कोणीतरी हवा. हे खुद्द लीनंच अनेकदा सांगितलंय. तर ज्यानं पात्र आणलं, प्रसंग रचला, वेग ठरवला, त्याला पैसे मात्र पानामागे पेन्सिलिंगचेच, आणि नावापुढे ‘चित्रं’ एवढंच.

१९७० मध्ये कर्बी डीसी या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीकडे गेला, तिथे न्यू गॉड्स वगैरे स्वतः लिहिलं, स्वतः काढलं, स्वतः संपादन केलं, समासात कोणासाठी काही लिहायची गरजच उरली नाही. डार्कसाइड हा खलनायक तिथलाच. संवाद जड आहेत, मान्य, मालिका बंदही लवकर पडल्या. तरी ती पानं उघडून बघा, कल्पना कोणाची असायची ते वेगळं सांगायला लागत नाही.

६ फेब्रुवारी १९९४ ला तो गेला, रॉझ १९९७ मध्ये. मुलांनी हक्कांसाठी केस लढवली, खालच्या कोर्टांत हरली, कारण कायद्याच्या लेखी ते कंपनीनं करून घेतलेलं काम होतं, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात असताना सप्टेंबर २०१४ मध्ये समझोता झाला. त्यानंतर मार्व्हलच्या अंकांमध्ये निर्माते म्हणून लीच्या शेजारी कर्बीचं नाव यायला लागलं.

हो, हो, थांबतोच. दाराशी टेबलावर त्याच्या एका मूळ पानाची मोठी झेरॉक्स ठेवलीय. चित्र नंतर बघा, आधी कडेची अक्षरं वाचा, फिकट आहेत, चष्मा लावून वाचावी लागतील.