सात खुर्च्या आणि टेलेक्सची खडखड

(पडद्यावर : षटकोनी खोलीचे जुने फोटो)

चिलीची राजधानी सान्तियागो. १९७२ साल सरत आलंय. गोलाकार मांडलेल्या फायबरग्लासच्या सात पांढऱ्या खुर्च्या. टेबल एकही नाही, कारण इथे कागद आणायचाच नाही असा दंडक. खुर्चीच्या हातावर मोठाली बटणं, शेजारी ॲशट्रे. बटण दाबलं की भिंतीवर देशातल्या कारखान्यांचे आलेख. आज कंपनीच्या मीटिंग रूममध्ये डॅशबोर्ड लावतात ना, त्याचा हा पूर्वज.

मात्र हे आलेख कॉम्प्युटर काढत नव्हता. तरुण ग्राफिक डिझायनर मुली ते हाताने रेखाटायच्या, मग त्यांच्या स्लाइड्स व्हायच्या.

साल्वादोर आयेंदे १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि एकामागून एक कारखाने सरकारकडे आले. ताब्यात घेतले खरे, पण चालवायचे कसे? सरकारी विकास महामंडळात फर्नांडो फ्लोरेस नावाचा अठ्ठावीस वर्षांचा इंजिनिअर होता. त्याने जुलै १९७१ मध्ये इंग्लंडला स्टॅफर्ड बीअर यांना पत्र धाडलं. संस्थेचं नियंत्रण कसं चालतं, हा बीअर यांचा विषय. नोव्हेंबरात ते सान्तियागोत हजर. देशभरच्या कारखान्यांचा कारभार आकड्यांवरून सांभाळायच्या या प्रकल्पाचं नाव ठरलं सायबरसिन. सुरुवातीची ती खोली याच प्रकल्पाची.

कारखान्यांनी टेलेक्सवरून, म्हणजे टाइप केलेला मजकूर तारेने दूरच्या यंत्रावर छापून देणाऱ्या यंत्रावरून, रोज आकडे पाठवायचे : कच्चा माल किती, उत्पादन किती आणि कामावर आले नाहीत किती. मला विचाराल तर सगळ्यात बोलका हा तिसरा. मालाचा आकडा गोदामातलं सांगतो, गैरहजेरीचा आकडा माणसांच्या मनातलं.

आकडा बिघडला तर सूचना आधी त्याच कारखान्याला जायची. दुरुस्तीला ठरावीक मुदत. तेवढ्यात जमलं नाही, तरच बातमी वरच्या पायरीवर. खालच्यांची स्वायत्तता राखायची, हे बीअर यांचं सूत्र. साहेबाला सगळं लगेच दिसलंच पाहिजे, हा हट्ट इथे नव्हता.

(पडद्यावर : कापडगिरणी, यंत्रांचा आवाज)

कारखान्यात गोष्ट निराळी होती. कोणते आकडे मोजायचे हे ठरवायला तज्ज्ञ यायचे, मॅनेजरशी बोलायचे आणि निघून जायचे. कामगारांचा सहभाग कागदावर मोठा, पण त्यांना विचारलं क्वचितच. आकडेही अनेकदा उशिरा पोचत. रोज माहिती भरणाऱ्याला त्यातून परत काय मिळणार, हे कुणी नीट सांगितलंच नसेल, तर तो घाई कशाला करेल?

मग ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी संप पुकारला. चार हजार किलोमीटरहून लांब, चिंचोळा देश. ट्रक थांबले की सगळंच थांबतं. ती देखणी खोली अजून तयार नव्हती. कामाला आली ती टेलेक्सची खडखड. कुठला रस्ता अडवलाय, कुठे ट्रक मोकळा आहे, कोणता माल संपत आलाय, हे रात्रंदिवस इकडून तिकडे जात राहिलं. सरकार तगलं. बटणं नव्हती, आलेख नव्हते. पण दोन्ही टोकांना बसलेल्या माणसांना उत्तराची गरज होती. म्हणूनच सायबरसिन खऱ्या अर्थाने राबवलं गेलं ते त्या संपात, असं मी म्हणेन.

जानेवारी १९७३ मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रातून प्रकल्पाची बातमी फुटली आणि ‘कॉम्प्युटरची हुकूमशाही’ असा गवगवा झाला. ११ सप्टेंबरला लष्कराने सत्ता बळकावली, आयेंदे गेले, प्रकल्प संपला. फ्लोरेस यांना तीन वर्षं तुरुंगवास.

सुटल्यावर ते कॅलिफोर्नियात गेले. आकड्यांपेक्षा आता त्यांना ध्यास लागला माणसं एकमेकांना शब्द कसा देतात याचा. ऐंशीच्या दशकात त्यांनी ऑफिसांसाठी सॉफ्टवेअर आणलं : ‘को-ऑर्डिनेटर’. निरोप पाठवताना ही विनंती आहे की वचन, ते आधी नोंदवायचं. कर्मचाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तो जाच वाटला.