आधी पहिली ओव्हर जाते

नमस्कार मंडळी, आज जरा क्रिकेटवर बोलू, फास्ट बॉलर रिटायर होतो म्हणजे नक्की काय होतं त्यावर. बॅट्समनचं ठीक आहे हो, फॉर्म गेला की थांबतो, आणि स्पिनर तर पोट सुटलं तरी टाकत राहतो. फास्ट बॉलरला मात्र शरीरच सांगतं, बाबा आता पुरे.

आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचंच घ्या. २००० साली ढाक्याला पहिली टेस्ट, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये निवृत्ती जाहीर केली तेव्हा ९२ टेस्टमध्ये ३११ विकेट. कारण काय दिलं, तर सीझनची तयारी करताना कळलं की दिवसाला अठराएक ओव्हर टाकायच्या म्हटल्या तर खांदा साथ देणार नाही. संपलं, उगाच भावुक वगैरे काही नाही.

आणि गंमत बघा, माझ्या मते तो खरा डेंजर झाला तो वेग उतरल्यावरच. २००६ ला टीमबाहेर असताना इंग्लंडमध्ये वूस्टरशरकडून काउंटी (तिथलं स्थानिक क्रिकेट) खेळून आला, रनअप आखूड केला, आणि रिव्हर्स स्विंग (जुना बॉल हवेत उलट्या, म्हणजे चकाकीच्या बाजूला वळवणं) टाकताना बॉल दुसऱ्या हाताने झाकून पळायचा, चकाकी कुठल्या बाजूला आहे तेच बॅट्समनला दिसू नये म्हणून. २००७ ला इंग्लंडमध्ये ट्रेंट ब्रिजला हा बॅटिंगला आला तर क्रीजवर कुणीतरी जेलीच्या गोळ्या टाकलेल्या, असला भडकला की दुसऱ्या डावात पाच काढल्या आणि आपण मॅच मारली, पुढे सिरीजपण. २०११ च्या वर्ल्डकपला २१ विकेट.

शेवटची टेस्ट २०१४, वेलिंग्टन. न्यूझीलंडच्या मॅकलमने ३०२ ठोकले आणि पस्तिशीतल्या या माणसाने त्या एका डावात ५१ ओव्हर टाकल्या! पाच विकेट, त्यात मॅकलमसुद्धा. खांदा काय म्हणाला असेल बिचारा.

आपल्याकडे कोकणात भातकापणी झाली की मळ्यात नाहीतर कातळावर पिच तयार, चाकरमानी रजा टाकून टेनिस बॉलच्या टूर्नामेंटला हजर. इथला फास्ट बॉलर काय निवृत्ती जाहीर करत नाय. आधी त्याची पहिली ओव्हर जाते, म्हणजे नवा बॉल दुसऱ्याच्या हातात, मग गुडघ्याला नी-कॅप चढते, मग चार पावलांवरून कटर (बोटं फिरवून टाकलेले हळू बॉल) सुरू होतात, आणि एका वर्षी कमिटीवाले हातात माइकच देतात, दादा यंदा तू कॉमेंट्री कर. मग दादा पहिल्याच बॉलला स्पीकरवरून ओरडतो, "अरे झिला, लेन्थ जरा मागे घे!"