दाराला आतून कडी

[दृश्य: रिकामं बास्केटबॉल कोर्ट. खिडकीतून येणारं सकाळचं ऊन.]

12 मार्च 1944. रविवारची सकाळ. अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना राज्य, डरहॅम शहर. बहुतेक सगळं गाव चर्चमध्ये. वेळ मुद्दामच तशी निवडली होती.

आडवळणाच्या रस्त्यांनी फिरत फिरत गाड्या एका छोट्या कॉलेजाशी येऊन थांबतात. आतली गोरी मुलं जॅकेटं डोक्यावर ओढून घेतात आणि माना खाली घालून जिममध्ये पळतात. त्यांच्यामागे दाराला आतून कडी लागते.

पाहुणे होते ड्यूक विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलचे खेळाडू. यजमान, नॉर्थ कॅरोलायना कॉलेज फॉर निग्रोज. कॉलेजचं नाव खरोखर असंच होतं. काळ्या आणि गोऱ्या मुलांनी एका कोर्टवर खेळणं हा तेव्हा नुसता नियमभंग नव्हता, तो जिवावरचा खेळ होता. चारच महिन्यांनी याच डरहॅममध्ये बसच्या मागच्या सीटवर जाण्यावरून वाद झाला आणि ड्रायव्हरनं एका काळ्या सैनिकाला गोळी घातली. सैनिक गणवेशात होता. ड्रायव्हर कोर्टातून निर्दोष सुटला.

अशा गावात हा सामना ठरवणारे कोच अठ्ठावीस वर्षांचे होते. जॉन मॅकलेन्डन.

[दृश्य: कॅन्ससचं सपाट माळरान. लांबवर जाणारा रस्ता.]

जन्म 1915चा, कॅन्ससमधल्या हायवाथा गावचा. बास्केटबॉलचं वेड लहानपणापासून. कॉलेजचं वय झालं तेव्हा वडिलांनी मुलाला लॉरेन्सला, कॅन्सस विद्यापीठात आणून सोडलं आणि बजावलं, डॉ. नेस्मिथना शोध, तेच तुझे मार्गदर्शक.

हे जेम्स नेस्मिथ म्हणजे 1891 साली बास्केटबॉल शोधून काढणारे नेस्मिथ! पोरगा थेट त्यांच्या दारात उभा राहिला. तुम्ही माझे मार्गदर्शक आहात, असं वडिलांनी सांगितलंय, म्हणाला. म्हातारबुवांनी ते मान्य केलं. वडील सांगतात ते बरोबरच असतं, म्हणे.

खेळाचा जनक गुरू मिळाला, पण विद्यापीठाच्या टीममध्ये जागा नाही. कॅन्ससच्या टीमकडून काळा खेळाडू खेळत नसे. पोहण्याच्या तलावाचं तर विचारूच नका. शारीरिक शिक्षणाच्या पदवीला पोहणं लागायचं. काळ्या विद्यार्थ्यांना त्याचे गुण न पोहताच देऊन टाकायची सोय होती, म्हणजे पाण्यात उतरायचा प्रश्नच नको. मॅकलेन्डन उतरला. नंतर तलावाचं सगळं पाणी सोडून दिलं गेलं. एक माणूस पोहून गेला, म्हणून अख्खा तलाव रिकामा. पण त्यानं नाद सोडला नाही, नेस्मिथही पाठीशी उभे राहिले आणि शेवटी तलाव सगळ्यांना खुला झाला. 1936 साली तो पदवी घेऊन बाहेर पडला. या विषयात तिथून पदवी घेणारा पहिला काळा विद्यार्थी.

इथून पुढे त्यांना अहोजाहो करू. ते आता सर झाले.

[दृश्य: कोर्टवर धावणारे पाय. फक्त बुटांचा आवाज.]

1940मध्ये ते डरहॅमच्या टीमचे मुख्य कोच झाले. त्या काळचं बास्केटबॉल आजच्या मानानं संथ. बॉल सावकाश पुढे न्यायचा, पासमागून पास द्यायचे, मोकळी जागा दिसली की दोन्ही हातांनी नेम धरायचा. मॅकलेन्डनना हे पटत नव्हतं. नेस्मिथकडून त्यांनी एक गोष्ट घेतली होती: खेळ अख्ख्या कोर्टवर खेळायचा असतो, बास्केटखालच्या तुकड्यावर नाही. म्हणून रिबाऊंड, म्हणजे नेम चुकून परत आलेला बॉल, हातात पडला की वळायचं आणि पळायचं. समोरच्यांचा बचाव उभा राहायच्या आत बास्केट. हाच फास्ट ब्रेक. बॉल गेला, तर जिथे गेला तिथूनच अडवायला सुरुवात. असं चाळीस मिनिटं खेळायचं तर दमसास हवा, त्यामुळे मॅकलेन्डनच्या सरावात बॉलच्या आधी पळणं यायचं.

आता परत त्या बंद जिममध्ये.

सुरुवातीला दोन्हीकडची मुलं बावरलेली. साधे पास हातातून निसटतायत. एकमेकांना धक्का लागला तर काय होईल, हेही कुणाला ठाऊक नाही. मग मध्येच कधीतरी यजमानांच्या ध्यानात येतं की समोरचेही आपल्यासारखेच आहेत, धावले की त्यांनाही धाप लागते. तिथून फास्ट ब्रेक सुटला तो सुटलाच. 88-44. बरोब्बर दुप्पट.

मला विचाराल तर खरी गोष्ट त्यानंतरची. थोडा दम खाऊन पोरं पुन्हा कोर्टवर आली, पण या वेळी टीम वाटून घेतल्या. काळे-गोरे मिसळून, एक बाजू शर्ट घालून, दुसरी उघडी. मग सगळी जण होस्टेलवर गप्पा मारत बसली.

काळ्या लोकांच्या एका वृत्तपत्राच्या वार्ताहराला हे कळलं होतं. त्यानं छापलं नाही. जगाला ही हकिकत समजली 1996मध्ये, बावन्न वर्षांनी.

[दृश्य: कॅन्सस सिटीचं म्युनिसिपल ऑडिटोरियम, बाहेरून.]

1954मध्ये मॅकलेन्डन नॅशव्हिलच्या टेनेसी ए अँड आय कॉलेजात आले. छोट्या कॉलेजांची एनएआयए ही संघटना नुकतीच काळ्या कॉलेजांना आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत घेऊ लागली होती. कॅन्सस सिटीच्या स्पर्धेचं बोलावणं आलं, तेव्हा यांची अट एकच: माझी मुलं बाकीच्या टीम उतरतात त्याच हॉटेलात उतरतील. आयोजकांनी मानली.

या राष्ट्रीय स्पर्धेत 32 टीम असत आणि विजेतेपदासाठी एका आठवड्यात पाच सामने काढावे लागत. चौथ्या-पाचव्या सामन्याला भल्याभल्यांचे पाय जड व्हायचे. मॅकलेन्डनची पोरं तेव्हाही पळत असायची. 1957, 1958, 1959. सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं. असं करणारे ते पहिले कॉलेज कोच. या टीममधला डिक बार्नेट पुढे न्यूयॉर्क निक्सकडून दोनदा एनबीए, म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक लीग, जिंकला.

नंतर क्लीव्हलँड पायपर्स या व्यावसायिक टीमचे आणि केंटकी स्टेट कॉलेजचे कोच झाले. 1966मध्ये क्लीव्हलँड स्टेटनं त्यांना नेमलं. गोऱ्यांचं प्राबल्य असलेल्या विद्यापीठात मुख्य कोच होणारे पहिले काळे कोचही तेच.

[दृश्य: स्प्रिंगफील्ड. बास्केटबॉल हॉल ऑफ फेमची इमारत.]

1979 साली नेस्मिथांच्या नावाच्या या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या सन्मान-दालनात, मॅकलेन्डन दाखल झाले. पण कोच म्हणून नव्हे, 'खेळाला योगदान' या सदराखाली. कोच म्हणून त्यांचं नाव लागलं 2016मध्ये. मॅकलेन्डन वारले त्याला तेव्हा सतरा वर्षं होत आली होती.