एकलहऱ्याचे पाच संच

(टिपलरचं दृश्य. पहिली काही सेकंदं फक्त आवाज.)

साठेक टन कोळशाने भरलेली रेल्वेची अख्खी वाघीण पकडीत धरून उलटी होते आहे. हा टिपलर, नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातला. खाली गडगडाट, वर काळी धूळ.

कोळसा विदर्भातून आलाय. नाशिकला खाण नाही, पण गोदावरीचं पाणी होतं, रेल्वे होती, आणि सातपूरला, ओझरला कारखाने उभे राहत होते. १९६० मध्ये राज्य वीज मंडळ झालं. १९७० मध्ये इथला पहिला वीजनिर्मिती संच फिरला, पुढच्या वर्षी दुसरा, प्रत्येकी १४० मेगावॅटचा. १९७९ ते १९८१ मध्ये २१० मेगावॅटचे आणखी तीन. एकूण ९१०.

(पट्टा, मग बॉयलरची झडप.)

पट्ट्यावरून कोळसा वर चढतो. गिरणीत त्याचं पीठ होतं, अगदी पिठासारखं मऊ. गरम हवा ते बॉयलरमध्ये फुंकते आणि ते उडता उडताच पेट घेतं. भोवतीच्या नळ्यांमधल्या पाण्याची वाफ होते, ती तापते सुमारे ५४० अंशांपर्यंत. टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं. एका युनिट विजेमागे साधारण पाऊण किलो कोळसा जळतो.

(नियंत्रण कक्ष. काट्याचा क्लोजअप.)

हा काटा विजेची वारंवारता दाखवतो; तो ५० हर्ट्झवर राहिला पाहिजे. मागणी चढली की तो झुकतो. नाशिकची मागणी तर चढतच गेली: द्राक्षबागांचे पंप, कांद्याला पाणी, शीतगृहं, अंबडचे लेथ. भारनियमनाच्या वर्षांत बॅटरी घेऊन रात्री मोटार सुरू करायला गेलेल्या शेतकऱ्याला विजेची किंमत वेगळी सांगायला नको. वाटेत बिबट्याची भीती असायची ती वेगळीच.

राखेचा त्रास आसपासच्या गावांनी सोसला, हेही खरं.

(बंद संचांची इमारत.)

पहिले दोन संच आता थांबलेत. त्यांच्या जागी ६६० मेगावॅटचा संच यायचा होता, तो आलेला नाही. कोळसा लांबून येतो म्हणून इथली वीज महाग पडते, असा हिशेब मांडला जातो. हे बॉयलर सांभाळत ज्यांचं आयुष्य गेलं, ती माणसं त्या हिशेबात धरलेली नाहीत.

(फाटक, पाळी बदलताना.)

रात्रपाळी सुटते आहे. डब्याच्या पिशव्या, काळवंडलेल्या बाह्या. मागे टिपलरवर पुढची वाघीण चढली आहे.