भामरागडपर्यंत बॅटरी न्यायची तर

श्रोतेहो, नमस्कार.

फवारणीचा ड्रोन आडगावात पोहोचवणं तितकं अवघड नाही. पेटी मोठी असते, पंख्यांचे हात दुमडावे लागतात, पण टेम्पोत घातली की ती जाते. खरी अडचण त्याच्या बॅटरीची.

दहा लिटर टाकीच्या ड्रोनला चालणारी एक नेहमीची बॅटरी घेऊ: १२ सेल, ४४.४ व्होल्ट, २२ अँपिअर-तास. व्होल्ट आणि अँपिअर-तासांचा गुणाकार केला की ९७६.८ वॅट-तास येतात. विमानाचे बरेचसे नियम याच आकड्यावर चालतात. प्रवाशाला हातातल्या सामानात १०० वॅट-तासांपर्यंतची सुटी बॅटरी नेता येते. १०० ते १६० मधल्या फार तर दोन, त्याही विमान कंपनीनं आधी परवानगी दिली तर. त्यापुढची बॅटरी प्रवाशाकडून घेतलीच जात नाही. म्हणजे लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्या छोट्या ड्रोनची बॅटरी पाठीवरच्या बॅगेतून जाते आणि शेतातल्या ड्रोनची एकही जात नाही. तेव्हा पुण्याहून नागपूरला विमानानं येणाऱ्या तंत्रज्ञाला ‘येताना एक संच घेऊन या’ असं सांगू नका. तो संच पुण्याच्या विमानतळावरच राहील.

मग माल म्हणून पाठवता येईल का? येईल, पण वाट अरुंद आहे. सुटी लिथियम-आयन बॅटरी संयुक्त राष्ट्रांच्या यादीतल्या यूएन ३४८० या क्रमांकाखाली धोकादायक माल ठरते. उपकरणात बसवलेली किंवा त्याच्यासोबत बांधलेली असेल तर क्रमांक ३४८१. १ एप्रिल २०१६ पासून ३४८० चा माल प्रवासी विमानातून नेता येत नाही. फक्त मालवाहू विमान, एका खोक्यात जास्तीत जास्त ३५ किलो बॅटऱ्या आणि चार्ज ३० टक्क्यांच्या आत. २०२६ च्या सुरुवातीपासून ही ३० टक्क्यांची अट उपकरणासोबत बांधलेल्या बॅटऱ्यांनाही लागू झाली आहे. या कडकपणाला कारणं आहेत. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईहून निघालेलं एक मालवाहू बोइंग ७४७ आगीनं कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. त्या मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या संख्येनं होत्या. एक सेल तापून फुटला की शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा. विमानाच्या मालकक्षातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आत चाललेली ही साखळी थांबवू शकत नाही. चार्ज कमी असेल तर फुटणाऱ्या सेलमधून उष्णता कमी निघते आणि शेजारचा सेल वाचण्याची शक्यता वाढते.

लहान विमानतळांवर मालवाहू विमानं सहसा येत नाहीत. त्यामुळे आपल्यासाठी खरा मार्ग रस्त्याचाच. कुरिअरकडे बुकिंग करताना ‘सरफेस’ असं स्पष्ट लिहून घ्या आणि मालाच्या वर्णनात लिथियम-आयन बॅटरी, यूएन ३४८०, वॅट-तास आणि नग लिहा. पुष्कळ विक्रेते ‘ड्रोनचे सुटे भाग’ असं मोघम लिहून मोकळे होतात. मग माल चुकून विमानाच्या रांगेत जातो, एक्स-रेमध्ये सेल दिसतात आणि खोका तिथेच अडकतो. दंड आणि परतीचा खर्च वेगळा. शिवाय खरं न सांगता पाठवलेल्या मालाला वाटेत काही झालं, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

कागदांपैकी सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे यूएन ३८.३ चाचणीचा सारांश. कमी हवेचा दाब, तापमानातले चढउतार, कंपन, धक्का, बाहेरून शॉर्टसर्किट, जादा चार्ज अशा चाचण्यांची ही मालिका आहे. २०२० पासून उत्पादकानं हा सारांश मागणाऱ्याला उपलब्ध करून द्यायलाच हवा. तो हाती आला की एक गोष्ट ताडून पाहा: सारांशावरचा मॉडेल क्रमांक आणि बॅटरीवर छापलेला क्रमांक एकच आहे का? बऱ्याचदा सारांश सुट्या सेलचा असतो आणि संच जोडलेला असतो दुसऱ्याच कुणीतरी. सेल पास झाला म्हणजे त्यापासून बनवलेला १२ सेलचा संच पास झाला असं होत नाही. संचाची चाचणी वेगळी लागते. गल्लीतल्या दुकानात सेल बदलून ‘नवी’ केलेल्या बॅटरीला तर हा कागद मिळूच शकत नाही. ती स्वस्त पडते खरी, पण कुठलाही जबाबदार वाहतूकदार ती घेणार नाही, आणि घेऊही नये.

आता पॅकिंगकडे वळू, कारण रस्त्यावरच्या बहुतेक दुर्घटनांचं मूळ तिथे असतं. जाड मुख्य तारांच्या कनेक्टरवर टोपण बसवायचं हे सगळ्यांना माहीत असतं. विसरतात ती बारीक तारांची बॅलन्स पिन, म्हणजे सगळे सेल सारखे चार्ज व्हावेत म्हणून असलेला छोटा कनेक्टर. तिच्यावर तेरा बारीक टोकं उघडी असतात आणि त्यातली दोन एखाद्या खिळ्यानं किंवा तारेच्या तुकड्यानं जोडली गेली की ठिणगी पडायला तेवढं पुरतं. तिलाही टोपण किंवा चिकटपट्टी हवीच. प्रत्येक बॅटरी स्वतंत्र, वीज न वाहणाऱ्या पिशवीत किंवा पुठ्ठ्याच्या कप्प्यात ठेवा. खोका हलवला तर आत काही खळखळता कामा नये. चार्जर, पाने, नोझल, स्क्रू त्याच खोक्यात घालू नका. विमानानं पाठवायचं असेल तर शंभर वॅट-तासांपुढच्या बॅटरीला प्रमाणित खोका लागतो, ज्यावर यूएनची खूण आणि पुठ्ठ्यासाठी ४जी हा संकेत छापलेला असतो. रस्त्यानंही असाच खोका वापरावा. सेलची पिशवी मऊ असते. वर खताची गोणी पडली आणि कोपरा दबला, तर बाहेरून काही न दिसता आतला पडदा फाटतो आणि आग कधी तासाभरानं, कधी दुसऱ्या दिवशी लागते.

म्हणूनच एसटीच्या डिक्कीत किंवा वडापच्या टपावर बॅटरी टाकून ‘पुढच्या स्टँडवर उतरवून घेतील’ ही पद्धत पूर्ण बंद व्हायला हवी. वर चाळीस माणसं बसलेली असतात.

चार्जचं गणित मल्टिमीटरनं जमतं. १२ सेलची बॅटरी पूर्ण भरली की ५०.४ व्होल्ट दाखवते. साठवणुकीसाठी दर सेलला ३.८ ते ३.८५, म्हणजे एकूण ४५.६ ते ४६.२ व्होल्ट. तीस टक्के चार्ज याच्याही खाली, साधारण ४४.५ ते ४५ च्या आसपास. फरक जेमतेम एका व्होल्टचा, म्हणून बॅटरी तासभर शांत ठेवल्यावरच मोजा आणि टक्के दाखवणारी बॅटरी असेल तर तिचा आकडाही पाहा. माल पोहोचला की पावतीवर सही करण्याआधी खोका उघडून प्रत्येक बॅटरी मोजा. नव्या बॅटरीत सेल-सेलमधला फरक ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त असेल, किंवा एखादा सेल ३ व्होल्टखाली गेला असेल, तर तसा शेरा बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या पावतीवर, लिहा, फोटो काढा आणि ती चार्जिंगला लावू नका. ठीक असलेल्या बॅटऱ्या साठवणुकीच्या व्होल्टेजपर्यंत चढवून ठेवा. तीस टक्क्यांवर महिनोन् महिने पडून राहिली, तर आतलं सर्किटच थोडी थोडी वीज खात तिला मारून टाकतं.

आता वेळेबद्दल. केंद्र सरकारच्या नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटाला ड्रोनसोबतचा एक संच आणि वर चार जादा संच मिळतात, ते दिवसाला २० एकर फवारणी व्हावी या हिशेबानं. एका उड्डाणात साधारण एकर धरला तर पाच संचांना प्रत्येकी चार वेळा चार्ज. यातले दोन बिघडले तर उरलेल्या तिघांना प्रत्येकी सहा-सात वेळा. गार व्हायला वेळ न देता गरम बॅटरी पुन्हा चार्जरला लागते आणि तीही लवकर फुगते. म्हणजे ऐन हंगामात बदली संच मागवायची पाळी येते. आणि हंगाम असतो पावसाळ्यात. पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत. धडगाव, अक्कलकुवा, मेळघाटातही घाटात दरड आली की पिकअप खालीच थांबते. गडचिरोलीच्या धानावर तुडतुडे आल्यावर बॅटरीची ऑर्डर देणं म्हणजे उशीरच. मे महिन्यात रस्ते कोरडे असतात, पण विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो आणि बंद टेम्पोच्या आत त्याहून कितीतरी जास्त. उपाय साधा आहे: माल संध्याकाळी भरा, गाडी रात्री चालवा, दुपारी सावलीत दारं उघडी ठेवा. गावात सावलीच्या, हवेशीर खोलीत ठेवा आणि महिन्यातून एकदा व्होल्ट तपासा.

चार संचांची किंमत सहज लाखावर जाते, म्हणून ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखालचा माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना, लागतं. राज्यातल्या राज्यात १ लाखापुढे, परराज्यातून येताना ५० हजारांपुढे. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. पुरात गाडी आलापल्लीला अडकली तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच ती वाढवून घेता येते. तिथे मोबाइलला रेंज नसेल तर चालकाला ते जमणार नाही. हे काम नागपूरच्या कार्यालयात बसलेल्या माणसावर सोपवा आणि त्याला बिलाचा क्रमांक देऊन ठेवा.

राहिल्या फुगलेल्या, मेलेल्या बॅटऱ्या. विमानानं त्यांची वाहतूक पूर्ण बंद आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, तेव्हा खरेदी करतानाच ‘गावातून परत कोण नेणार आणि कोणाच्या खर्चानं’ हे लेखी घ्या. मिठाच्या पाण्यात बुडवून बॅटरी ‘मारण्याची’ युक्ती सगळीकडे सांगितली जाते. एवढ्या मोठ्या संचाला ती करू नका. टोकं आधी गंजतात, आत चार्ज तसाच राहतो आणि आपल्याला वाटतं की ती मेली. त्यापेक्षा घरापासून दूर, पाऊस न लागणाऱ्या जागी पत्र्याच्या पिंपात कोरड्या वाळूत ठेवा, झाकण घट्ट लावू नका, वायूला वाट हवी. पेट घेतलाच तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा, धूर विषारी असतो. लांबून भरपूर पाणी मारत राहा आणि विझल्यावरही दिवसभर लक्ष ठेवा, कारण ती पुन्हा पेटते. नवा माल घेऊन येणाऱ्या गाडीतून परत पाठवायची असेल, तर चालकाला आधी सांगा, वेगळ्या खोक्यात वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट (न जळणारं हलकं खनिज) भरून बांधा आणि खोक्यावर ठळक लिहा: खराब लिथियम बॅटरी, विमानानं पाठवू नये.