दाजी, बसा पाठीवर

श्रोतेहो, नमस्कार.

मला दहा-बारा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय आहे पाण्याकाठच्या लग्नाचे फोटो. जाहिरातीत अशा जागेला लेकसाइड म्हणतात. गावातली माणसं धरण म्हणतात. आणि आमच्या भिगवण-इंदापूरच्या पट्ट्यात धरण असंही कुणी म्हणत नाही, नुसतं उजनी म्हणतात. मी या पट्ट्यात गेली बावीस वर्षं लग्नांचे फोटो काढते. आधी वडिलांच्या स्टुडिओत छत्री धरायची. ती पावसातली नव्हे, फ्लॅशची छत्री. मग हळूहळू कॅमेरा हातात आला.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे मी उजनीच्या एका लग्नाकडे वळले की माझं मला थांबता येत नाही. पाण्याकाठी लग्न करणार असाल, तर जागा बघायला मुहूर्ताच्या वेळेला जा. लग्न संध्याकाळचं असेल तर संध्याकाळी जा, आणि जमलं तर त्याच ऋतूत जा. आपण काय करतो? रविवारी सकाळी नाश्ता करून निघतो, अकराला पोचतो, पाणी कसं चमचमतंय बघून अॅडव्हान्स देऊन येतो. अकराचं ऊन आणि साडेसहाचं ऊन यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. म्हणून पुन्हा सांगते, मुहूर्ताच्या वेळेला जा.

गोरज मुहूर्ताचंच घ्या. अंतरपाट धरला की एकाचं तोंड पूर्वेला असतं, एकाचं पश्चिमेला. सूर्य मावळतीला आलेला. ज्याचं तोंड पूर्वेला, त्याच्या पाठीमागे ऊन, म्हणजे चेहरा काळा. ज्याचं तोंड पश्चिमेला, त्याच्यावर मात्र त्या पांढऱ्या कापडातून गाळून आलेला मऊ उजेड पडतो. आमच्या धंद्यात असा उजेड मिळवायला हजारोंचं सामान घेतात, आणि इथे दोन मामा फुकट धरून उभे असतात! पण भटजींनी ‘तदेव लग्नं’ सुरू केलं की मी श्वास रोखते. कारण आता कापड बाजूला होणार, ऊन थेट डोळ्यांत येणार आणि माणूस डोळे मिचकावणार. चेहरा मिळतो तो कापड सरकणं आणि डोळे मिचकावणं यांच्या मधे. एखादा सेकंद. तेवढ्यात अक्षता पडतात, अक्षतांच्या मागून मोबाइल वर येतात आणि मोबाइलच्या मागून काकू येतात.

पाणी जवळ असलं की आणखी एक होतं. उजेड खालूनही येतो. पाण्यावरून उसळलेलं ऊन हनुवटीखाली पडतं, नथीची सावली वरच्या बाजूला जाते. कधी फार सुंदर दिसतं, कधी नाटकातल्या राक्षसासारखं. उपाय सोपा आहे. माणसांना पाण्यापासून चार पावलं आत घ्यायचं. आणि मांडवाचं कापड पांढरं सांगा हो, मांडववाल्याला आधीच सांगा. गुलाबी कापडाखाली माणसं गुलाबी होतात, हिरव्याखाली आजारी दिसतात. मग अल्बम बघताना आम्हाला विचारतात, “ताई, आमचे रंग असे का आले?” रंग तुम्हीच डोक्यावर बांधला होता!

ड्रोनबद्दल मला बोलू नकोस असं निवेदक मघाशी म्हणाले. थोडंच बोलते. ऐन मंगलाष्टकांत डोक्यावर गांधीलमाशी घोंघावत असेल तर कुठल्या आईच्या डोळ्यात पाणी येईल? सगळे वर बघतात. वरून काढलेल्या फोटोत टक्कल, फेटे आणि बुफेची रांग दिसते. बुफेबद्दलही माझं मत आहे, पण ते राहू दे. पंगतीत जिलबीचा आग्रह करणाऱ्या हाताचा फोटो ज्यानं काढलाय, त्याला मी काय म्हणते ते कळेल.

तर उजनी. श्रोत्यांपैकी ज्यांनी ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे बातम्यांत ऐकलंय पण अर्थ विचारला नाही, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. धरणात सगळं मिळून सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट, पाणी मावतं आणि त्यातलं जवळपास ६३ टीएमसी मृत साठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी, धरतात. त्या ६३ ला हात लागला की मायनस. मायनस झालं तरी पाणी असतं, पण ते काठ सोडून दूर दूर जातं, आणि मधे उरतो गाळ.

हे लग्न त्या मायनसच्या उन्हाळ्यातलं. दोन्ही घरच्या मंडळींनी जागा बघितली होती जानेवारीत. जानेवारीत पाणी शेवटच्या पायरीला लागलेलं, समोर उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे. जागेच्या मॅनेजरनं सांगितलं, नवरदेव होडीतून येतील, इथे पायरीशी उतरतील. सगळे खूश. आणि लग्न मेच्या मध्यावर.

मी आदल्या दिवशी संध्याकाळी गेले. पायऱ्या होत्या, पाणी नव्हतं. पायरीपासून शंभरेक पावलं भेगाळलेली जमीन, तिच्यावर लाल कार्पेट अंथरलेलं, कार्पेट संपतं तिथून काळा ओला गाळ आणि त्याच्या पलीकडे पाणी. डावीकडे लांब पळसनाथाच्या जुन्या देवळाचं शिखर पाण्याबाहेर आलेलं. जुनं पळसदेव धरणाखाली गेलं तेव्हाचं देऊळ ते, पाणी उतरलं की दिसतं. होडी होती एका म्हाताऱ्या मच्छीमाराची. एरवी तिच्यातून चिलापी मासळी यायची. आता तिला झेंडूच्या माळा लावलेल्या आणि पुढे थर्माकोलचा पांढरा हंस. म्हातारा मला म्हणाला, “ताई, हितं गाळ लई हाय. होडी काठाला लागायची न्हाई. त्यास्नी सांगा की जरा.” मी मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर म्हणाला, “होऊन जाईल.” श्रोतेहो, लग्नघरात ‘होऊन जाईल’ हे शब्द ऐकले की कॅमेऱ्याची बॅटरी बदलून घ्यावी.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून व्याह्यांचा चेहरा उतरलेला. व्याही म्हणजे नवऱ्यामुलाचे वडील. नाश्ता उशिरा आला होता आणि त्यांच्या थोरल्या भावाला फेटा कमी पडला होता. एवढंच, पण एवढंच कुठल्याही लग्नात पुरतं. सीमांतपूजनाच्या प्रत्येक फोटोत ते कर्जवसुलीला आल्यासारखे उभे. मुलीकडची माणसं त्यांच्याभोवती सरबत घेऊन फिरतायत आणि ते घड्याळ बघतायत.

मुहूर्त ६ वाजून ४२ मिनिटांचा. सव्वासहाला होडी निघाली. होडीत नवरदेव, करवली, एक लहान भाचा आणि हलगीवाला. शेरवानी, मुंडावळ्या, सोनेरी मोजड्या. ऊन डावीकडून तिरपं, पाणी तांब्यासारखं. मी खूश. आणि काठापासून तीस-चाळीस फुटांवर होडी थांबली.

म्हाताऱ्यानं बांबू लावला. बांबू गाळात गेला तो गेलाच. मॅनेजरनं फळी टाकायला लावली. फळी सावकाश, मानानं, बुडाली. हलगीवाला बिचारा वाजवतच राहिला, कारण त्याला थांब म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. माइकवरून भटजी म्हणाले, “वराला लवकर आणावं, वेळ भरत आली आहे.” वेळ तर आम्हालाही दिसत होती. आणायचं कसं?

मुलीचा धाकटा भाऊ माझ्या शेजारी उभा होता. विशीतला पोरगा, सकाळपासून खुर्च्या उचलून दमलेला, अंगावर नवा कोरा जोधपुरी. त्यानं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ गाळात शिरला. गुडघाभर, मग त्याहून थोडं वर. होडीजवळ गेला, पाठ केली आणि म्हणाला, “दाजी, बसा पाठीवर.”

दाजी ऐंशी किलोचे तरी असतील. ते म्हणाले, “अरे, नको.” हा म्हणाला, “मग लगीन उद्या लावायचं का?”

दाजी बसले.

इथे माझ्यापुढे प्रश्न होता. काठावरून लांबच्या लेन्सनं काढला तर मिळणार होता, पण मागे होडी आणि रिकामं पाणी, आणि चेहरे काळे. मला उजेडाच्या बाजूला जायचं होतं, म्हणजे गाळात. लांबची लेन्स गळ्यात टाकली, जवळून काढायची ३५ ची हातात घेतली आणि शिरले. तिसऱ्या पावलाला उजव्या पायातली चप्पल गेली. ती अजून उजनीतच आहे.

पोरगा चालतोय. एक पाऊल, दोन पावलं. तिसऱ्याला त्याचा पाय रुतला आणि दोघंही डावीकडे कलले. काठावरून दीडशे माणसांचं एकदम “अयाया!” आणि नवरदेवानं तोल सावरायला मिळेल ते धरलं. मिळाले मेहुण्याचे दोन कान. घट्ट धरले, चांगले पिरगळले. पोरगा ओरडला, “दाजी, कान!”

आणि काठावरून आवाज आला, “अरे, कान त्यानं पिळायचा असतो, तू नाही!”

बोलणारे व्याही. सकाळपासून ज्यांच्या तोंडून शब्द नव्हता ते. सगळा काठ हसला. ते स्वतः इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग कडक इस्त्रीच्या पँटीसकट तेही गाळात उतरले आणि पोराला दुसऱ्या बाजूनं धरलं. फोटोत ते तिघं आहेत. वर नवरदेव, हातांत कान. खाली पोरगा, डोळे मिटलेले, तोंड उघडं. बाजूला व्याही, फेटा कानावर आलेला. मागे टिंबाएवढं पळसनाथाचं शिखर. मी सलग अकरा फोटो मारले, त्यातला धड एकच आला. एक पुरे.

कार्पेटवर आले तेव्हा ६ वाजून ३६ झाले होते. मुलीच्या आई-वडिलांनी घागरी ओतून जावयाचे पाय धुतले. विधीत चमचाभर पाणी सोडतात, इथे चार घागरी लागल्या. मुहूर्त चुकला नाही.

पण मला सांगायचंय ते लाजाहोमाच्या वेळचं. कानपिळीला पोराला बोलावलं. सगळे आधीपासूनच हसायला तयार. त्यानं दाजींचा कान धरला आणि तसाच उभा राहिला. पिळेना. बघते तर पोरगा रडतोय. बहिणीकडे बघत नव्हता, होमाकडे बघत होता, आणि कान हातात. कुणी काही बोलेना. मग दाजी हळूच म्हणाले, “पिळ की. माझं मघाशी झालंय.” तो फोटो माझ्याकडे आहे, पण तो मी कुणाला दाखवत नाही. त्या घरच्यांना दिला तेवढाच.

बघता बघता वेळ संपत आली, आणि निवेदक काचेपलीकडून बोट दाखवतायत. राहिलेलं भराभर सांगते. फोटोग्राफर ठरवताना त्याचा कॅमेरा एका वेळी दोन कार्डांवर फोटो साठवतो का, ते विचारा. अंधार पडल्यावर व्हिडिओवाल्याचा दिवा आणि फोटोवाल्याचा फ्लॅश यांचं भांडण होऊ नये म्हणून दोघांना आधी भेटवा. हार पुन्हा घाला, असं सांगणाऱ्या फोटोग्राफरचं ऐकून हार पुन्हा घालू नका. वडिलांच्या काळी रोलमध्ये ३६ फोटो असायचे आणि मुहूर्तासाठी ते चार राखून ठेवत. चारांत भागायचं. फोटोग्राफरला वेळेवर जेवायला घाला, मठ्ठ्यासकट. आणि काय सांगितलं होतं मी? जागा बघायला मुहूर्ताच्या वेळेला. आणि त्याच ऋतूत.

ऑगस्टमध्ये पुण्याकडची धरणं भरून पाणी सुटलं, उजनी पुन्हा पायरीला लागली. मी त्या म्हाताऱ्याला फोटो द्यायला गेले, मोठा प्रिंट करून. तो होडीतच बसला होता, होडी अगदी पायरीला टेकलेली. त्यानं हात पुसले, फोटो उन्हाकडे धरून बराच वेळ बघितला.

“झ्याक आलाय,” म्हणाला. मग पुन्हा बघितला. “ताई, हंस कुठं हाय?”

तेव्हा कळलं की तो हंस त्यानंच केला होता. दोन रात्री बसून, जाळी कापायच्या चाकूनं, नातवाच्या वहीतलं चित्र बघून. घरी आले, त्या लग्नाचे अठराशे फोटो एकेक करून उघडले. एका फोटोत हंसाचं शेपूट आहे. अर्धं.